काळ्या खपलीची हकीकत

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सूनबाईंना सातवा लागला आणि बाळंतपणासाठी त्या काटोलला माहेरी येणार, हे वाचून आनंद झाला; परंतु श्रावणातले गवत आता कमरेएवढे वाढले असल्याने माझ्या भाचीच्या स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किडीच्या चाव्याने येणाऱ्या तापाची, हकीकत तुला कळवणे अगत्याचे वाटते.

गेल्या भाद्रपदात तिला आठव्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला. आधी डेंग्यू, मग टायफॉइड असे म्हणण्यात सहा दिवस गेले. सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांनी ताप हलला नाही, आणि हलणारही नव्हता, कारण स्क्रब टायफसचा जंतू पेशींच्या आत राहतो व त्या औषधांना दाद देत नाही. (टायफस आणि टायफॉइड यांचे नात्यागोत्याचे काही नाही, तरी नावाने घोळ होतोच, शिवाय २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले होते, तेही कोणाला आठवले नाही.) सातव्या दिवशी अंग पुसताना एका वयस्क परिचारिकेला स्तनाखालच्या घडीत मसुराएवढी काळी खपली दिसली, भोवती लाल कडे, जणू विडीचा चटका. ती दुखत नव्हती, म्हणून भाचीला तिचा पत्ताच नव्हता. ताप येण्याच्या दहा दिवस आधी भाची शेताच्या धुऱ्यावर गवतात बसली होती.

चावते ती चिगर माइट नावाच्या बारीक किडीची सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी. या माइटची मादी जंतू अंड्यांवाटे पुढच्या पिढीला देते. आणि क्वचित माणसातही तो वारेवाटे आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो.

या तापावरचे नेहमीचे औषध डॉक्सिसायक्लिन गरोदरपणी सहसा टाळतात, म्हणून अॅझिथ्रोमायसिन दिले. दोन दिवसांत ताप उतरला, पण कळा लवकर सुरू झाल्या. जन्मानंतर पाचव्या दिवशी बाळाला ताप आला, यकृत व प्लीहा वाढले, प्लेटलेट घसरल्या. बाळाच्या डॉक्टरांपर्यंत आईच्या आजाराचे कागद पोहोचलेच नव्हते; जावईबापूंनी ती फाइल घरून धावत आणली. जंतूंशी लढायला रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी आईकडून बाळात येतात, आयजीएम येत नाहीत. बाळाच्या रक्तात आयजीएम सापडली, तेव्हा लागण त्याची स्वतःची ठरली. त्यालाही तेच औषध लागू पडले.

तेव्हा सूनबाईंना ताप आलाच, तर काखा, जांघा आणि स्तनांखालच्या घड्या कोणीतरी उजेडात नीट पाहाव्यात, आणि त्यांची फाइल प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांच्या हातीच द्यावी. विहीणबाईंनाही हे पत्र वाचून दाखव.

तुझा,
बालमित्र