यादीतून माझे नाव न खोडल्याबद्दल

आदरणीय आई,

तुमच्या ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, लहानथोर सगळे तुम्हांला याच नावाने हाक मारत असत, म्हणून मीही तेच संबोधन वापरते आहे. हे पत्र मराठीत असल्यामुळे तुम्हांला वाचता येणार नाही. तुमच्या देशाचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण तेथे कोण कोणाच्या जवळचे होते हे उघड सांगणे अजूनही सुरक्षित नाही. तरीही आभार मानायचे तर ज्या भाषेत मी प्रार्थना करते त्याच भाषेत मानावेत असे वाटले. तसे का वाटले, त्याचे कारणही तुम्हीच आहात.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मदतकार्याच्या निमित्ताने मी राहिलेला तो चौथा देश होता. आमचे करार बहुधा सहा महिन्यांचे किंवा वर्षभराचे असतात. नव्या ठिकाणी पोहोचायचे, तेथील मंडळी शोधायची, उपासनेला जायचे. लोक प्रेमाने पुढच्या बाकावर बसवणार, पाहुणी म्हणून उभे करून ओळख करून देणार, आणि ती ओळख मुरण्यापूर्वीच माझा करार संपणार, असे तीनदा झाले होते. चौथ्या वेळी मला त्या स्वागताचाच थकवा आला होता. माझी श्रद्धा गेली नव्हती. परंतु पासपोर्टमध्ये घडी घालून ठेवलेल्या लसीकरणाच्या पिवळ्या कार्डासारखी तिची अवस्था झाली होती. ते कार्ड सदैव जवळ असते, पण कोणी मागितल्याशिवाय बाहेर काढले जात नाही.

याला आमच्या कामाची शिस्तही काही अंशी कारण होती. रेडक्रॉस व रेड क्रेसेंट चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत: मदत केवळ गरज पाहून द्यायची, घेणाऱ्याचा वंश, धर्म किंवा राष्ट्रीयत्व पाहून नव्हे, आणि मदतीचा उपयोग कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करायचा नाही. हा नियम मला मनापासून पटतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याने ताडपत्री घेताना माझा देव कोणता याचा विचार करण्याची वेळ येऊ नये. पण सोमवार ते शनिवार तोंडातून चुकूनही प्रार्थनेचा शब्द निघू न देण्याची सवय लागली की रविवारीही तो सहजी निघत नाही, हा अनुभव कोणत्याही आचारसंहितेत लिहिलेला नाही.

तिसऱ्या रविवारी तुम्ही मला पुढच्या बाकावरून उठवले. दाराशेजारी खिळ्याला टांगलेल्या वहीत उपासनागृह झाडण्याच्या पाळ्या लिहिलेल्या असत. तुम्ही त्या वहीत माझे नाव लिहायला लावले आणि कोपऱ्यातला झाडू दाखवला. आपल्या दोघींना समजतील असे शब्द जेमतेम शंभरएक असतील, पण त्या वेळी त्यांचीही गरज पडली नाही. पाहुण्याला कोणी झाडू देत नाही. कंबरेला वॉकी-टॉकी लावून, संचारबंदीची वेळ होण्याआधी परतायचे म्हणून घाईघाईने मी बाकांखालची धूळ काढत असे, आणि तुम्ही मागून येऊन राहिलेली जागा बोटाने दाखवत असा. कौतुकाचा एक शब्दही नसे. त्या रागावण्यात मला किती निवांत वाटे, हे तेव्हा सांगता आले नाही.

दुसरी गोष्ट प्रभूच्या प्रार्थनेची. तुमची भाषा येत नसल्याने मी ओठ हलवत उभी राहत असे. एकदा तुम्ही शेजारी येऊन माझ्या कोपराला धक्का दिला, स्वतःच्या तोंडाकडे व मग माझ्या तोंडाकडे बोट केले आणि एकच शब्द म्हणालात: "तुझी." तुझी भाषा, असे तुम्हांला म्हणायचे होते. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटले. माझी चाल सगळ्यांपेक्षा वेगळी होती आणि माझे आमेन दोन श्वास उशिरा आले. तोवर तुम्ही सगळ्यांना थांबवून धरले होते.

मात्र सर्वांत मोठे ऋण ताडपत्र्यांच्या वेळचे आहे, आणि त्याविषयी मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. विस्थापितांसाठी ४ मीटर बाय ६ मीटरच्या ताडपत्र्या आल्या होत्या, गरजेपेक्षा पुष्कळ कमी. आम्ही निकष ठरवले, घरोघर पाहणी केली आणि हरकती घेता याव्यात म्हणून निवडलेल्या कुटुंबांची यादी चौकात लावली. त्या यादीत मंडळीतील काही कुटुंबे नव्हती. उपासना संपल्यावर तिघेजण माझ्याजवळ आले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ गायकवर्गातील एका मुलीने मला सांगितला: "तुम्ही आपल्याच ना?" या प्रश्नाची मला पहिल्या दिवसापासून भीती होती. होय म्हणावे तर काम खोटे ठरते, नाही म्हणावे तर रविवार खोटा ठरतो, असे वाटून मी गप्प उभी राहिले. तेवढ्यात तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "आपली आहे म्हणूनच तिला असे काही करायला सांगू नका." तुमच्या स्वतःच्या घराचे छप्पर एका बाजूने गळत होते आणि तुमचेही नाव यादीत नव्हते, हे मला ठाऊक होते. त्यानंतर महिनाभर त्यांपैकी दोघे माझ्याशी बोलले नाहीत. तुमच्यावरही रोष आला असणार. तुम्ही तो मला कधी कळू दिला नाही. पुढच्या रविवारी झाडण्याची पाळी माझीच होती आणि झाडू नेहमीच्या जागी होता.

आम्हा मदतकार्यातील ख्रिस्ती माणसांना बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या परक्याची, गोष्ट फार प्रिय असते, आणि त्या गोष्टीत आपण कोण हे आम्ही विचार न करताच ठरवून टाकलेले असते. पण शोमरोनी दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन पुढे जातो. जखमी माणसाची शुश्रूषा करायला मागे राहतो तो उतारशाळेचा मालक. इटलीतील सोल्फेरिनोच्या १८५९ च्या लढाईनंतरही तसेच झाले. रेडक्रॉसची कल्पना मांडणाऱ्या हेन्री ड्यूनांचे नाव जगाला माहीत आहे, आणि तो काही दिवसांनी तेथून निघून गेला. पण जवळच्या कास्तिल्योने गावाच्या चर्चमध्ये दोन्ही बाजूंच्या जखमींना "सगळे भाऊच" म्हणून सांभाळणाऱ्या स्त्रिया त्याच गावच्या होत्या. त्यांची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत. मी तुमच्या गावी शोमरोनी म्हणून आले होते असे माझ्या करारात लिहिले होते. प्रत्यक्षात उतारशाळेत आणून ठेवलेली मीच होते.

चर्चच्या स्थानिक मंडळीला पॅरिश म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्या पारोइकियाचा अर्थ परक्या ठिकाणी परदेशी म्हणून राहणे असा आहे. आपापल्या गावात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मंडळ्यांनी हे नाव घ्यावे याची पूर्वी मला गंमत वाटे. तुम्ही आयुष्यात ते गाव सोडले नव्हते, आणि तरी परके असणे म्हणजे काय हे माझ्यापेक्षा तुम्हांला अधिक कळत होते. ते तुम्ही कोठे शिकलात, हे विचारण्याइतके शब्द आपल्याजवळ नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी वहीतले माझे नाव खोडायला पेन काढले. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलेत आणि नावापुढे आणखी एक शब्द लिहिलात. त्याचा अर्थ 'प्रवासात' असा होतो, हे मला विमानतळाकडे जाताना चालकाने सांगितले. माझे नाव अजून त्या वहीत असेल, तर पाळी दर सहा आठवड्यांनी येत असणार. माझ्या वाट्याचे झाडणे कोण करते हे विचारायचे राहून गेले. जे कोणी करत असेल, त्यांनाही माझा सलाम सांगावा.

तुमची ऋणी,
प्रवासात असलेली एक सभासद