जामीन झाल्यावर फाईल मिटवू नकोस

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू पुण्यात सीनियरकडे बसणार. फोनवर बोलायला गेलो की माझा गळा दाटतो. म्हणून इथं सिव्हिल लाइन्सला, कोर्टाबाहेरच्या माझ्या टेबलावर, दुपारचं काम मंदावल्यावर हे टाईप करतोय.

सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर तू अभ्यासाला वाचलेच असशील. मी त्यांना टाईप करून ओळखतो. जामिनाच्या अर्जांत त्यांच्या निकालाची ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८’ ही ओळ वर्षानुवर्षं बडवली, पण अर्थ कधी विचारला नाही. विचारायला हवा होता.

तू चौथीत होतीस तेव्हाची गोष्ट. छत्तीसगढहून बांधकामावर आलेलं जोडपं होतं. नवऱ्याला अटक झाली, त्याचा जामिनाचा अर्ज मीच टाईप केला. जामीन मंजूर झाला तशी त्या बाईनं फुटाण्याची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. मग जामीनदार हवा, त्याच्या घरटॅक्सची पावती हवी, सॉल्वन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला हवा. नागपुरात तिला ओळखणारं कोण? ठेकेदार फोन उचलेना. ती रोज यायची, “जमानत तो हो गई न, फिर आदमी काहे नहीं आया?” मंजूर झालेला जामीन असून तो अडीच महिने आत राहिला. तिच्याकडून पानांचे ६० रुपये घेतले होते मी. अजून टोचतात.

त्यानंतर एका वकीलसाहेबांकडून तो निकाल मागून आणला. इंग्रजी फार अवघड; शब्दकोश घेऊन चार रात्री बसलो. मोतीराम गवंडी होता गं! सुप्रीम कोर्टानं सोडायला सांगितलं, तरी मॅजिस्ट्रेटनं १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो चालला नाही. अय्यरसाहेबांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, त्याला सोडवलं. आणि विचारलं, मल्याळी किंवा तेलुगू माणसाला बस्तरमध्ये नाहीतर चांदणी चौकात अटक झाली, तर तिथं मालमत्ता असलेला जामीनदार तो आणणार कुठून?

ती बाई हेच विचारत होती. माझ्या मशीनमध्ये उत्तर होतं.

हे अय्यरसाहेब केरळात थलश्शेरीला शेतकरी-कामगारांची वकिली करायचे. १९४८ साली महिनाभर स्वतः तुरुंगात राहून आले. १९५७ मध्ये केरळात मंत्री झाले, तेव्हा तुरुंगखातंही त्यांच्याकडे होतं. पुढे न्यायाधीश झाले, १९६८ ला हायकोर्टात, १९७३ ला सुप्रीम कोर्टात. तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्यानं, तिथला पहारेकरी वॉर्डर दुसऱ्या कैद्याचा छळ करतो म्हणून चिठ्ठी लिहिली, तर तीच त्यांनी याचिका धरली. ना स्टॅम्प, ना टायपिंग. जन्मभर समास मोजून अर्ज टाईप करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून किती बरं वाटलं, काय सांगू!

बेटा, तुझ्या पक्षकाराचा जामीन झाला की फाईल मिटवू नकोस. तो घरी पोचला का, ते विचार. जामीनदार मिळत नसेल तर जातमुचलक्याचा अर्ज त्याच दिवशी टाक. फी नंतर बघता येईल.

निकालाची माझी प्रत आईनं साड्यांच्या ट्रंकेत ठेवली आहे. समासात पेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहिलेत, काही चुकलेही असतील. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझे,
बाबा