फाटकाशी बसणारा माणूस

नंदुरबार,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. आप्पा गेल्यापासून रात्र रात्र डोळा लागत नाही आणि मेल्यावर माणूस कुठे जातो, हे कुणी एकदा परत येऊन सांगितले असते तर आपण निराळे जगलो असतो, असे तू लिहिले आहेस. त्याच पत्राच्या शेवटच्या पानावर आणखी तीन ओळी आहेत. आप्पांचा जुना सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा तो गडी, गेल्या वर्षाची राहिलेली रक्कम मागायला रोज सकाळी फाटकाशी येऊन बसतो आणि आता त्याला पाहिले की तुझ्या मनाला त्रास होतो. या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या समजून लिहिल्यास, मला मात्र त्या एकच वाटल्या. ते तुला कसे सांगावे हे ठरत नव्हते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

लूककृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दृष्टान्त आपण लहानपणी बरोबरच पाठ केला होता. रोज थाटात जेवणाऱ्या श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर त्याच्या मेजावरचे तुकडे मिळावेत म्हणून पडून असे; दोघे मेले तेव्हा लाजर मूळपुरुष अब्राहामाच्या उराशी गेला, श्रीमंत अधोलोकातल्या ज्वालेत, आणि दोघांमध्ये मोठी दरी होती. तेव्हा आपल्या मनात भरली ती ज्वाला आणि लाजराचे फोड चाटणारी कुत्री. आता या वयात वाचताना मी निराळ्याच ठिकाणी अडखळतो. येशूच्या सगळ्या दृष्टान्तांत नाव मिळाले आहे ते या एका दरिद्री माणसाला. जांभळी आणि तलम वस्त्रे नेसणाऱ्या धन्याला नावच नाही. लाजर हे इब्री एलाजार या नावाचे रूप, आणि त्याचा अर्थ देवाने साहाय्य केले असा होतो. पुढची गोष्ट मला याहूनही अस्वस्थ करते. अधोलोकात यातना भोगत असताना तो श्रीमंत अब्राहामाला म्हणतो की लाजराला पाठव. म्हणजे त्याला नाव ठाऊक होते! दाराशी कोण पडला आहे हे त्याला कळत नव्हते असे नाही. रोज येता-जाता तो त्याला ओलांडत होता. मरणानंतरही त्याची रीत बदललेली नाही, कारण तो लाजराशी एक शब्द बोलत नाही. पाणी आणायला आणि निरोप पोचवायला गडी पाठवावा तसे त्याला पाठवायला सांगतो.

संपत्ती हेच पाप, असे मात्र या दृष्टान्तातून काढू नये. त्या माणसाने लबाडीने धन मिळवले असे येशू कुठेही म्हणत नाही, आणि ज्याच्या उराशी लाजर विसावला तो अब्राहाम स्वतः गुरेढोरे, सोने आणि रुपे यांनी संपन्न होता, हे बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. त्या काळी मेजवानीला लोक कुशीवर रेलून जेवत आणि मानाच्या पाहुण्याचे डोके यजमानाच्या छातीपाशी येई. उराशी असणे या शब्दांत ते चित्र आहे. मेजावरून पडलेल्या तुकड्यांची आस धरणाऱ्याला अब्राहामाच्या पंक्तीत सर्वांत जवळची जागा मिळाली. काही उपदेशक या दृष्टान्तावरून परलोकाचा जणू नकाशाच काढून दाखवतात, ते मला पटत नाही. परलोक आहे, न्याय आहे आणि मरणानंतर ती दरी ओलांडता येत नाही, एवढे तेथे निःसंशय सांगितले आहे, आणि मला ते पुरते. जिवंतपणी त्या दोघांमध्ये दरी नव्हती. एक दरवाजा होता, आणि तो श्रीमंताच्या हातात होता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो तुझ्याआधी त्या श्रीमंताने विचारला आहे. माझे पाच भाऊ आहेत, त्यांच्याकडे मेलेल्यांतून कोणी गेला तर ते पश्चात्ताप करतील, असे तो म्हणतो. अब्राहाम उत्तर देतो की त्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे, म्हणजे त्यांचे लिहिलेले शास्त्र, आहे, त्यांचे त्यांनी ऐकावे. ते ऐकत नसतील तर मेलेल्यांतून कोणी उठला तरी त्यांची खातरी होणार नाही. पूर्वी मला हे उत्तर कठोर वाटे. पण योहानाच्या शुभवर्तमानात लाजर याच नावाचा दुसरा एक माणूस चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, तेव्हा मुख्य याजकांनी काय केले ते आठव. त्यांनी त्यालाही जिवे मारण्याचा विचार केला. चिन्ह डोळ्यांसमोर चालत होते, तरी ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी ऐकले नाही.

आणि मोशे काय सांगतो? त्याच्या नियमशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेताचे कोनेकोपरे कापू नका, कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, अशी आज्ञा आहे, आणि तिच्यापुढे चारच ओळींवर, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका, अशीही आहे. सरवा हा शब्द तुला मला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या आयांनी बाजरीच्या शेतांत तो वेचला आहे. याकोब तर आपल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात लिहितो की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक प्रभूच्या कानी गेली आहे.

मी हे वरच्या पायरीवर उभा राहून लिहीत नाही. गेल्या वर्षी मिरचीच्या हंगामात आमच्या घरामागच्या पथारींवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या जागांवर, देठ खुडणाऱ्या बायका संध्याकाळी आमच्या फाटकाजवळच्या नळावर हात धुवायला येत. मिरचीने त्यांची बोटे जळत असत. फाल्गुनात पाणी कमी येऊ लागले, तसे मी त्या नळाला कुलूप लावले. त्यांपैकी एक म्हातारी दोन दिवस येऊन कुलपाकडे पाहून गेली, तेही मी खिडकीतून पाहिले. त्या रविवारी उपासनेत वचन वाचण्याची पाळी माझी होती, आणि वाचन हेच होते. बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी, या शब्दांपाशी माझा आवाज बंद पडला. मंडळीला वाटले, खोकला आला. तो अध्याय मी आयुष्यात किती वेळा वाचला असेन, तरी त्या दिवसापर्यंत तो माझ्याविषयी आहे हे मला समजले नव्हते. मेलेला कोणी आला नाही, आकाश उघडले नाही. छापलेली एक ओळ होती आणि तिने मला धरले. घरी जाऊन मी कुलूप काढले. ती म्हातारी पुन्हा आली नाही, आणि तिचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने याच दृष्टान्तावर अनेक प्रवचने केली. आपल्या धनातून गरिबाला न देणे ही चोरी आहे, असे तो तेथे स्वच्छ म्हणतो. त्याच प्रवचनांत तो लोकांना घरी शास्त्र वाचण्याचा आग्रह करतो आणि सोनाराचा व तांबटाचा दाखला देतो : उपासमार आली तरी कारागीर आपली हत्यारे विकत नाही, कारण त्यांच्यावाचून तो काही घडवू शकत नाही. धन आणि शास्त्र यांविषयी तो एकाच दमात का बोलला, हे मला त्या नळापाशी कळले.

तुला विनंती आहे ती एवढीच. आप्पांची हिशोबाची वही घेऊन उद्या सकाळी ओट्यावर ये, त्या सालदाराला नावाने हाक मारून जवळ बसव आणि जे निघते ते त्याच्या हातावर ठेव. आखाजी झाली आहे, त्याला नवे साल धरायचे असेल. वहीत नोंद सापडली नाही तर त्याचा शब्द खरा मान.

आणखी एक. आप्पा बायबल वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करत असत. लूकचा 16 वा अध्याय उघडून पाहा, आणि तेथे काही लिहिलेले असेल तर मला उतरवून पाठव.

वहिनींना आणि मुलांना सलाम सांग.

तुझा,
बोर्डिंगातला सोबती