विषय: रिंगसाइड तिकिटं, अर्धवट शो आणि तुमच्या माणसाचा आजचा फोन

मॅनेजमेंटला,

आत्ताच फोन ठेवलाय. हा चौथा कॉल होता. पहिल्यात तिकीट नंबर विचारला, दुसऱ्यात परत तोच तिकीट नंबर, तिसऱ्यात "वरती कळवलंय", आणि आज जे ऐकून घेतलं त्यानंतर लिहायचंच ठरवलं, कारण पाचव्यांदा फोन केला तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही.

मागच्या शनिवारच्या तुमच्या रेसलिंग शोबद्दल बोलतेय. सहा मॅचचं कार्ड, म्हणजे मॅचची यादी, आणि तिसऱ्या मॅचला रिंगची फळी मोडली, असा शो तुमचा एकच असावा, त्यामुळे कुठला ते शोधावं लागणार नाही.

आधी खुर्च्यांचं. मी रिंगसाइड पहिल्या रांगेची दोन तिकिटं घेतली होती, खुर्ची ७ आणि ८, माझी आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीची. विक्री सुरू झाली त्याच मिनिटाला घेतली, कारण याआधीचे तुमचे पाच शो आम्ही मागून बघितलेत आणि पहिली रांग म्हणजे काय हे मला माहितीये. टीव्हीवर दिसत नाही ते तिथे ऐकू येतं. रिंगचा आवाज, छातीवर उघड्या हाताचा चॉप बसल्याचा आवाज, हेडलॉक धरून दोघं एकमेकांना पुढची मूव्ह हळूच सांगतात ते सुद्धा. आम्ही पोचलो तर ७ आणि ८ वर दुसरीच माणसं बसलेली, आणि तुमच्या स्टाफमधला मुलगा म्हणाला स्पॉन्सरची लोकं आहेत, तुम्ही मागे बसून घ्या. मागे म्हणजे चौथी रांग, कॅमेऱ्याच्या स्टँडच्या बरोब्बर पाठी. तिकीट दाखवलं, त्याने बघितलंही नाही.

मी तेव्हा वाद घातला नाही, लेक सोबत होती आणि तिचा मूड घालवायचा नव्हता. आता वाटतं घालायला हवा होता.

कारण शो सुरू व्हायच्या आधी आम्ही मर्च टेबलला गेलो होतो. तिसऱ्या मॅचमध्ये ज्या पोराला लागलं त्याच्याकडून लेकीने सही केलेला फोटो घेतला. इंडी रेसलरला, म्हणजे मोठ्या कंपनीबाहेर छोटे शो करणाऱ्याला, रात्रीचे पैसे किती कमी मिळतात आणि टी-शर्ट, फोटो विकून तो परत जायचं भाडं कसं काढतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून आम्ही दर शोला काहीतरी घेतोच. त्याने तिला विचारलं कुठे बसणारेस, ती म्हणाली पहिली रांग, सात नंबर, तर तो म्हणाला मग एंट्रीला तुझ्याकडेच येतो टाळी द्यायला. आणि तो आला हो. म्युझिक लागलं, तो धावत आला, सात नंबरसमोर थांबला, इकडेतिकडे बघत राहिला, तिथे फोनमध्ये डोकं घातलेला कुणीतरी बसलेला. माझी लेक चौथ्या रांगेत खुर्चीवर उभी राहून हात हलवत होती, त्याला स्टँडमुळे दिसली नाही. दहा मिनिटांनी तो पोरगा मान धरून आडवा होता. तिला अजून वाटतं आपण जागेवर नव्हतो म्हणून काहीतरी चुकलं. तसं काही नसतं म्हणून मी तिला रोज समजावतेय.

आता रिंगचं. रिंग कशी असते हे तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या फोन उचलणाऱ्या लोकांना कुणीतरी सांगा. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडाच्या फळ्या, त्यावर पातळ फोम, वर ताणलेलं कॅनव्हास. गादी नाहीये ती. माणूस पडतो तेव्हा हनुवटी छातीला लावून, श्वास सोडून, पाठ सपाट टेकवून पडतो म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो, आणि हे शिकायला महिनोन् महिने जातात. ते सगळं शिकलेलं एकाच गोष्टीवर अवलंबून असतं, खालची फळी जागेवर आहे. फळीच गेली तर जगातला सगळ्यात भारी बंप घेणारा, म्हणजे असं पडणारा, माणूस पण काही करू शकत नाही.

आणि तुमच्या लोकांना ते आधीच कळलेलं होतं, हे मी ठामपणे लिहितेय. पहिल्या मॅचलाच एका कोपऱ्यापाशी आवाज वेगळा येत होता, बाकी ठिकाणी खणखणीत आणि तिथे दबका, चौथ्या रांगेतून मला कळत होतं. दुसऱ्या मॅचमध्ये एका रेसलरने स्वतः त्या जागी पाय आपटून बघितला आणि रेफ्रीला काहीतरी सांगितलं. मॅच संपल्यावर तुमचे दोघं रिंगच्या कडेचा, एप्रनचा पडदा उचलून खाली वाकले, काहीतरी सरकवलं आणि बाहेर आले, दोन मिनिटंही नसतील. तिसरी मॅच सुरू. त्या कोपऱ्यातच सुप्लेक्स (समोरच्याला उचलून पाठीवर आपटायचा डाव) झाला आणि फळी कडकन गेली, कॅनव्हास खड्ड्यासारखं खाली गेलं आणि पोरगा खांद्यामानेवर आपटला.

रेफ्रीने एका सेकंदात खाली वाकून बघितलं आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. त्या फुलीचा अर्थ या धंद्यातल्या प्रत्येकाला माहिती असतो आणि नेहमी बघणाऱ्यांनाही माहिती असतो: खरंच लागलंय, थांबवा. आणि तुमचा माइकवरचा माणूस ओरडत होता की याला म्हणतात जिवाची बाजी! म्युझिक चालू, लाइट फिरतायत, लोकं टाळ्या वाजवतायत कारण त्यांना वाटतंय हा स्टोरीचा भाग आहे. त्याचा अपोनंट, हील म्हणजे खलनायक, ज्याला दोन मिनिटांपूर्वी अख्खा हॉल शिव्या घालत होता, तो कॅरेक्टर सोडून गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्या पोराचं डोकं घट्ट धरून ठेवलं, मान हलू नये म्हणून. सगळ्यात शहाणं तो एकटा वागला. डॉक्टर नव्हता तुमच्याकडे. स्ट्रेचर नव्हतं. प्रेक्षकांतली एक बाई मी नर्स आहे सांगत बॅरिकेडपाशी आली तर तुमच्या सिक्युरिटीने तिलाच अडवलं, मग हीलने रिंगमधून ओरडून तिला आत घेतलं. अँब्युलन्स बाहेरून बोलवावी लागली. त्या पूर्ण वेळात माइकवरून एक वाक्य सांगता आलं नाही की हे खरं आहे, शांत बसा.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत रेसलर ओवेन हार्ट सुमारे ७८ फुटांवरून रिंगमध्ये पडला आणि गेला. तो शो पुढे चालू ठेवला याबद्दल लोक अजून चिडतात, पण निदान कॉमेंट्रीवरच्या जिम रॉसने टीव्हीवर बघणाऱ्यांना सरळ सांगितलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही. १३ जून २००९ ला हिरोशिमात जपानी रेसलर मित्सुहारु मिसावा टॅग मॅचमध्ये (जोडी विरुद्ध जोडी) बॅक सुप्लेक्स घेऊन पडला तो वाचलाच नाही. ४६ वर्षांचा, एवढा अनुभवी माणूस, आणि मूव्ह रोजचीच. तुम्ही रेसलिंगचा धंदा करता, हे तुम्हाला पाठ असायला पाहिजे.

शो थांबवला ते बरोबर केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट एक मॅच आधी थांबवायला हवा होता. चौथी, पाचवी आणि मेन इव्हेंट झाले नाहीत, मान्य. पण मग तुमचा ईमेल येतो की कार्डमध्ये बदल होऊ शकतात असं तिकिटावर लिहिलंय म्हणून रिफंड नाही. ते वाक्य कशासाठी असतं हे मला कळतं. एखाद्याची फ्लाइट चुकली, कुणाला आधीच्या आठवड्यात लागलं, त्याच्या जागी दुसरा आला, तर मी कधीच कुरकुर केली नाही, इंडी शोला ते चालायचंच. तीन मॅच झाल्याच नाहीत, त्यांच्या जागी काहीच आलं नाही, याला बदल म्हणत नाहीत. आणि पहिल्या रांगेचे पैसे घेऊन चौथ्या रांगेत बसवणं याचा तर कार्डाशी काहीच संबंध नाही. हे मी चारही फोनवर सांगितलंय.

आता आजचा फोन, शब्दाला शब्द लिहिते कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर काढून ऐका. सतरा मिनिटं होल्डवर ठेवल्यावर एक जण आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मुलीला खरं वाटत असेल, पण तुम्हाला तर माहितीये ना हे सगळं ठरलेलं असतं?" मी म्हटलं हो, माहितीये, मग? म्हणाला, "मग तो पडला ते पण स्क्रिप्टमध्ये असू शकतं ना." मी म्हटलं दादा, मी त्याला अँब्युलन्समध्ये घालताना बघितलंय. यावर दोन सेकंद गप्प. मला वाटलं आता सॉरी म्हणेल. तर म्हणतो, "मॅडम एक काम करू का, मेन इव्हेंट कोण जिंकणार होतं ते मी मॅच ठरवणाऱ्या बुकिंगवाल्यांना विचारून तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमचं बघितल्यासारखंच झालं." मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, काय म्हणालात? त्याने परत सांगितलं, तेच, त्याच आवाजात, वर म्हणाला, "शेवटी रिझल्टच महत्त्वाचा असतो ना मॅडम."

रिझल्टच महत्त्वाचा असतो. रेसलिंग कंपनीचा माणूस हे म्हणतो!

अहो, ठरलेलं असतं हे काय गुपित राहिलंय का? डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटसमोर सांगून टाकलं होतं की ही करमणूक आहे, खेळाच्या कमिशनचे नियम आम्हाला लावू नका. सगळ्या जगाला माहितीये आणि तरी लोकं तिकीट काढतात, कारण कोण जिंकणार हे ठरलेलं असलं तरी वरून उडी मारणारं शरीर खरं असतं. मेन इव्हेंटमधला तो मास्कवाला आणि तुमचा चॅम्पियन सात महिने एकमेकांच्या मागे लागलेत, तुमच्याच पाच शोमध्ये तुम्ही ते एकेक पायरीने वाढवलंत, एकदा टॅग पार्टनर म्हणून दगा, एकदा बेल्ट चोरला, एकदा काउंटआउट, म्हणजे रिंगबाहेर राहिल्यामुळे हार. आम्ही दोघी घरी येताना रस्ताभर त्यावरच बोलायचो. ती मॅच कशी होते, रेफ्रीने तीन मोजायच्या आधी खांदा उचलला जातो का, हॉल कुठे उभा राहतो, यासाठी पैसे दिले होते मी. नाव ऐकायला नाही. नाटकाचा शेवट फोनवर सांगितला तर नाटक बघितलं असं होतं का?

सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की बाहेरच्यांचे हे टोमणे मी वर्षानुवर्षं ऐकतेय. खोटं असतं ते, एवढी मोठी बाई होऊन काय बघतेस, पोरीला काय दाखवतेस. मी दरवेळी तुमच्या बाजूने भांडलेय. लोकांना सांगितलंय की सीएम पंक, ब्रायन डॅनियलसन, सेथ रॉलिन्स हे सगळे मोठे रेसलर अशाच छोट्या हॉलमधून वर आलेत, की २०१८ ला ऑल इन नावाच्या शोने मोठ्या कंपनीशिवाय दहा हजारांवर लोकं जमवून दाखवली, तेव्हा छोट्या शोला हसू नका. आणि आता तोच टोमणा तुमच्याच हेल्पलाइनवरून, होल्डचं म्युझिक ऐकवून झाल्यावर. तुमच्या पोस्टरवर रक्त-घाम लिहिलेलं असतं. ज्याचं रक्त-घाम आहे त्याला खरंच लागलं तर तुमचा माणूस म्हणतो स्क्रिप्ट असेल.

मला पहिल्या आणि चौथ्या रांगेतला फरक परत हवाय, आणि न झालेल्या तीन मॅचचे म्हणून तिकिटाचे अर्धे पैसे. पंधरा दिवसांत आले नाहीत तर ज्या कार्डाने पैसे भरले त्याच्या बँकेकडे मी या व्यवहारावर हरकत घेणार आहे आणि ग्राहक तक्रारही करणार आहे, तिकिटांचे फोटो, ईमेल आणि चारही कॉलच्या वेळा जोडून. आणि हॉलच्या मालकांनाही लिहिणार आहे की डॉक्टर आणि स्ट्रेचरशिवाय तुम्ही त्यांच्या जागेत रिंग लावता. त्या दुसऱ्या मॅचनंतर पडद्याखाली जाऊन आलेल्या दोघांना काय दिसलं आणि पुढची मॅच सुरू करा असं कुणी सांगितलं, हे मला लेखी हवंय. पुढच्या शोची जाहिरात काल टाकलीत, रिंगसाइडची विक्रीही सुरू झाली. त्यात डॉक्टर असेल असं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. तिकिटं पण आम्ही घेतलेली नाहीत, पहिल्यांदाच.

एक गोष्ट मात्र पंधरा दिवस थांबू शकत नाही. त्या पोराचं काय झालं? तुमच्या पेजवर एक शब्द नाही, विचारलेल्या कमेंट डिलीट होतात, आणि चारही फोनवर मी पैशाआधी हाच प्रश्न विचारला होता. त्याच्या खासगी रिपोर्टशी मला घेणंदेणं नाही, तो बरा आहे का, मान हलते का, हॉस्पिटलचं बिल तुम्ही भरताय की त्याच्यावर टाकलंय, एवढंच. लेकीने त्याच्यासाठी कार्ड बनवलंय, कुठे पाठवायचं तेही कुणी सांगत नाही. आधी ते कळवा. फोन करू नका, लिहून कळवा.

खुर्ची ७ आणि ८, रिंगसाइड, पहिली रांग