साबण कपाटात, मुलं नळावर

संपादक महोदय,

१५ ऑक्टोबरला शाळाशाळांत जागतिक हात धुवा दिन होतो. त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिनही असतो. त्यामुळे मुलांना रांगेत उभं करायचं, कोरडेच हात चोळून घ्यायचे, दोन फोटो काढायचे आणि पुस्तकांकडे वळायचं, असा एकूण मामला.

माझी नात दुसरीत आहे. हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या ती हावभावांसह म्हणून दाखवते, अंगठासुद्धा विसरत नाही. परवा तिचा विसरलेला डबा द्यायला मधल्या सुट्टीत शाळेत गेलो, तेव्हा खरा प्रकार दिसला. नळ मोठ्या माणसांच्या उंचीला. लहानगी टाचा उंचावून हात वर करतात आणि पाणी कोपरावरून बाहीत उतरतं. म्हणून उजव्या हाताची चार बोटं ओली करायची, फ्रॉकला पुसायची आणि खिचडीच्या रांगेत पळायचं. साबण कुठे? ऑफिसच्या कपाटात. "मुलं नासधूस करतात हो."

आमची आजी दारातूनच ओरडायची, "आधी पाय धू, मग आत ये." पण दाराशी भरलेली बादली आणि तांब्याही तीच ठेवायची, हे आपण विसरतो.

शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, चावून खायची. गोळीने पोटातले जंत मरतात. पण सुतासारख्या बारीक कृमींची अंडी रात्री खाजवताना नखांत अडकतात. सकाळी बोट तोंडात गेलं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नखं दर रविवारी घरी कापायची असतात. ते काम शाळेचं नाही, आपलं आहे. साबण लावून वीस सेकंद चोळायचं, हेही घरीच अंगवळणी पडतं. घड्याळ नको, बेचा पाढा सावकाश दोनदा म्हटला की झालं.

काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात यावं म्हणून कोल्हापूरकर कित्येक वर्षं भांडले. आता प्रश्न उरलाय तो नळापासून पोराच्या हातापर्यंतच्या दीड फुटाचा. दोन नळ खाली घेणं हे प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. मनपाच्या असोत की खासगी, शाळांनी एवढं तरी करावं.

साबणाचं मी माझ्यापुरतं बघितलं. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत एक वडी घातली आणि सुतळीनं नळाला बांधून आलो. जाळीवरच हात घासायचे, वडी पडत नाही, हरवत नाही. पहिल्याच सुट्टीत त्या नळावर ही झुंबड. चार दिवसांत वडी संपली. मुख्याध्यापकांना ती नासाडी वाटली. मी मात्र खूश होऊन घरी आलो. दुसरी वडी कुणी आणायची, यावर शाळेत अजून चर्चा चालू आहे.

— एक आजोबा, शिवाजी पेठ, कोल्हापूर