त्या पिल्लाबद्दल

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तो रागानेच, हे कळलं. तू घ्यायचं म्हणतेस त्या मांजराच्या पिल्लाचा फोटो पाठवलास आणि मी 'किती गोड' म्हणायच्या आधी 'त्याची आई पाहिलीस का?' विचारलं. तुझ्या आईने तिथल्या तिथे डोळे वटारले. आता पुन्हा विचारणार नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

फोटो रात्री मोठा करून पाहिला. गोंडस आहे, नाही म्हणणारा मी कोण! पण त्याचे कान पुढे दुमडलेत ना, ते कूर्चा नीट घडत नाही म्हणून. 1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर अशा कानांची सूझी नावाची पांढरी मांजरी आढळली, तिच्यापासून ही स्कॉटिश फोल्ड जात चालू झाली. 2016 मध्ये त्यामागचा जनुकातला दोषही सापडला. गोम अशी की तो दोष कानापाशी थांबत नाही. घोटे, पंजे, शेपटी, सगळीकडे पोचतो. सांधे आखडतात, मांजर उडी मारायचं सोडतं आणि लोक कौतुकाने म्हणतात, 'किती शांत आहे हो!' आईबाप दोघेही दुमडल्या कानांचे असतील तर हाल लवकर सुरू होण्याची भीती जास्त, पण एकाचेच असले म्हणून सुटका होते असंही नाही. ब्रिटनमधली मांजरांची मोठी नोंदणी संस्था ही जात नोंदवतच नाही. आणि पिल्लू विकणारा तुझा तो माणूस म्हणतो, 'नोंदणीचे पेपर्स आहेत'! जो ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारा, यातलं अवाक्षर स्वतःहून काढत नाही, त्याच्याकडून सरळ कानांचं पिल्लूही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झालं, लेक्चर सुरू. नीलूमावशी उगाच हसत नाही मला. राग मानू नकोस.

आपल्याकडे मांजरं कधी 'आणली' नाहीत गं, ती यायची. आपल्या ठमी मांजरीने पिल्लं आजीच्या कपाटातून माळ्यावर हलवली, तेव्हा तू दप्तर टाकून थेट शिडीवर. पिल्लाला हात लावलास की ठमी तुझ्या मनगटाला नुसते दात टेकवायची, चावायची नाही. पिल्लंही तसंच शिकायची. एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळायचं, मग पहिलं सोडायचं. म्हणून बारा आठवडे तरी आई-भावंडांत राहू द्यावं म्हणतात. तुझं हे सात आठवड्यांचं, आणि म्हणे सगळ्या लशी झाल्यात! पहिली लसच साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात देतात, दुसरी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. मग झाल्या कधी?

'घरी येऊ नका, मी वाटेत आणून देतो' हे त्या माणसाचं म्हणणं तर मला अजिबात पटलं नाही. अगदी लहान पिल्लांना संसर्ग नको म्हणून चांगले ब्रीडरही कधी कधी लोकांना येऊ देत नाहीत, मान्य. पण व्हिडिओ कॉलवर आई दाखवायला काय हरकत? पाहिलीस का ती? बघ, विचारलंच.

ज्या दुसऱ्या ब्रीडर बाईंना तू भोचक म्हणालीस, त्यांच्याबद्दल ऐकून मात्र मला बरं वाटलं. खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, हे ज्याला विचारावंसं वाटतं त्याला पिल्लाची काळजी असते. सहा महिने थांबा म्हणाल्या तर थांब. त्यांची मांजरं पर्शियन जातीची आहेत ना? मग मूत्रपिंडात गाठी होण्याच्या आजाराची डीएनए चाचणी विचार. तो दोष एका पालकाकडून आला तरी पुरतो, म्हणून रिपोर्ट आई आणि बाप दोघांचे हवेत. अगदी चपटं नाक असलेलं घेऊ नकोस, श्वासाला त्रास होतो. तुला सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत घेतील का, तेही लिहून घे. 'आमच्याकडे कधीच कुणी आजारी पडलं नाही' म्हणाल्या तर मात्र दोनदा विचार कर.

तू स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या घरात मांजर आणतेयस, याचा मला किती अभिमान आहे ते फोनवर बोलता आलं नाही. पण ठमी गेली तेव्हा तू जेवणं सोडलं होतंस, आणि तेव्हा आम्ही दोघं जवळ होतो. तिथे रात्री-अपरात्री पिल्लू धापा टाकायला लागलं तर तू एकटी. शिवाय मला तुझा स्वभाव माहीत आहे. त्या माणसाकडच्या पिल्लाची अवस्था बघून दया येईल आणि 'निदान याला तरी वाचवते' म्हणून घेऊन येशील. त्या पैशावर तो माणूस त्याच मांजरीची पुढची वीण काढेल.

रविवारी बाईंकडे गेलीस तर पिल्लाच्या कानात काळी घाण, डोळ्यांत चिकटा, शेपटीखाली ओल आहे का बघ. मला व्हिडिओ कॉल लाव. मी मधे बोलणार नाही, निदान प्रयत्न करीन.

आणि त्या माणसाला ॲडव्हान्स पाठवून बसली असशील तर तेही सांग, रागावणार नाही. गेले तर गेले पैसे, पण ते वसूल करायला म्हणून पिल्लू आणू नकोस.

तुझे,
बाबा