पेन खाली ठेवणाऱ्या लेखनिकबाईंना

चि. लेखनिकबाई हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव इथे घालत नाही. तुझ्या आईने फोनवर बजावलंय, "काय लिहायचं ते लिहा वहिनी, पण नाव नको, पोरीचं आता दहावीचं वर्ष आहे." तेव्हा लेखनिकबाई एवढंच. हे पत्र मी फोनला बोलून लिहून घेतेय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या तर त्या फोनच्या. परीक्षेत मी सांगेन ते तू लिहीत होतीस तेव्हा ही पंचाईत नव्हती, कारण शंका आली की तू विचारायचीस, "मावशी, दुसरी वेलांटी ना?"

मी दहावी पास झाले हे तुला निकालाच्या दिवशीच कळलं. माझ्या आधी तूच साइट उघडून बसली होतीस. पण त्या दिवशी घरात इतकी माणसं होती आणि मी इतकी रडत होते की तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही. म्हणून आज लिहितेय. आणि उघड लिहितेय, कारण काही मंडळींच्या कानावर हे जायलाच हवं.

माझी शाळा आठवीत सुटली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं, मग फळ्यावरचं. पडद्याचा आजार, रेटिनायटिस पिगमेंटोसा. नाव कळेपर्यंत वर्ष गेलं होतं. शाळेने वडिलांना बोलावून सांगितलं, आमच्याकडे सोय नाही. १९९५ चा अपंगांचा कायदा तेव्हा झालेला होता, अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण द्यायचं त्यात लिहिलेलंही होतं, पण तो आमच्या शाळेच्या फाटकापर्यंत पोचला नव्हता. अंधशाळा लांब, तिथे वसतिगृहात मुलीला ठेवायला घरचे तयार नव्हते. मग लग्न, मग एसटी स्टँडजवळचा एसटीडी-पीसीओचा बूथ. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि बूथ बसला. तेव्हापासून मी वाती वळते. फुलवाती, समईच्या वाती, कुणाचा नवस असला तर लक्षवातीची ऑर्डर. कापसाला डोळे लागत नाहीत.

चाळिशी ओलांडल्यावर १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भरायचं मनात आलं, ते का, हे पुन्हा कधीतरी. भरला. फॉर्म भरणं सोपं होतं, लेखनिक मिळणं नव्हतं. दहावीच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे नववीतला. आणि नववीतल्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा समोरच असतात. आई-बाप नको म्हणतात. त्यांच्यावर माझा राग नाही, माझी मुलगी असती तर मीही दोनदा विचार केला असता.

राग आहे तो दुसऱ्यांवर. दर १५ ऑक्टोबरला, पांढऱ्या काठीच्या दिवशी, आमच्यासारख्यांना बोलावून शाल-नारळ देणारी एक मंडळी आहेत. त्या वर्षी मलाही बोलावलं. माइकवरून सांगितलं, "ताई, लेखनिकाची काळजी तुम्ही करू नका, तुम्ही नुसता अभ्यास करा." टाळ्या झाल्या, फोटो झाले. जानेवारीत त्यांचा फोन लागेना, फेब्रुवारीत उचलेनात. नारळाची चटणी कधीच संपली होती. दुसरे एक भाऊ त्याहून पुढचे. म्हणाले, "हुशार पोरगं बघून देतो, ते सगळं आपलं आपण लिहील. तुम्ही शेजारी नुसत्या बसा. पास झाल्याशी कारण." त्यांना वाटलं, मी खूश होईन. मला घरात बसूनच राहायचं असतं तर इतकी वर्षं बसलेच होते की. परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन तेच करायचं?

तुम्ही मुलं कुठून उगवलात ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुमच्या बाईंनी सेवा प्रकल्प करायला सांगितला होता म्हणे. बाकीच्यांनी झाडं लावली, मैदान झाडलं, भिंतीवर घोषवाक्यं रंगवली. चांगलीच कामं ती. तुमच्या गटातल्या कुणाची आजी माझ्याकडून वाती घेते, तिच्याकडून तुम्हाला कळलं की वातीवाल्या मावशीला पुस्तक वाचून दाखवणारं माणूस हवंय. आलात पाच-सहाजण, दारातच चपलांचा ढीग केलात, आणि पहिला प्रश्न विचारलात, "मावशी, तुम्हाला कसं वाचलेलं आवडतं? सावकाश की भरभर?"

मला कुणी काही आवडतं का विचारलं की मी अजून गडबडते.

मग तुमचे आवाज माझ्या फोनमध्ये येऊन राहायला लागले. वाती वळता वळता मी धडे ऐकायची. कुणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या मागे मिरज जंक्शनची गाडी सुटल्याची घोषणा. भूगोल वाचणाऱ्या त्या मुलाला माझं खास सांग. दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची जोडी, पानोपानी नकाशे आणि आलेख. फोनवर शोधलेल्या तयार रेकॉर्डिंगमध्ये मोठी माणसं सरळ वाचून जातात, "पुढील आकृतीचे निरीक्षण करा." करते हं. तुमचा हा मुलगा मात्र तिथे थांबायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "मावशी, एक मिनिट, यात काय दाखवलंय ते आधी सांगतो." एवढ्यावर त्याचं भागलं नाही. पुठ्ठ्यावर ब्राझील करून आणला. कडेने सुतळी, ॲमेझॉनला लोकर, उच्चभूमीला रवा चिकटवलेला. पँटानलच्या दलदलीला काय लावावं ते त्याला सुचेना, मग माझ्याच टोपलीतला कापूस ओला करून लावला. नकाशाच्या प्रश्नाच्या जागी आम्हाला वेगळा प्रश्न असतो, हे त्याला ठाऊक होतं. एका गुणाचाही उपयोग नव्हता. तरी आणला. म्हणाला, "पण देश कसा दिसतो ते कळायला नको का?" भारतसुद्धा करायचा होता त्याला, पण रवा संपला आणि त्याच्या आईचा धीरही.

आता तुझं.

तुझ्याआधी थोडे दिवस एक बाई माझ्याबरोबर सरावाला बसायच्या. शिकलेल्या, सज्जन, वेळ काढून यायच्या, त्यांना नावं ठेवायला मला जड जातंय. पण मी उत्तर आठवायला थांबले की त्यांच्या बॉलपेनचं बटण सुरू व्हायचं. टिक, टिक, टिक. तोंडाने अवाक्षर नाही. समोरचा कंटाळलाय की नुसतंच चाळा करतोय, हे डोळस माणूस चेहऱ्यावरून ओळखतो. माझ्याकडे फक्त ते बटण. मग मी उत्तर अर्ध्यात सोडून म्हणायची, "जाऊ दे, पुढचा प्रश्न वाचा." येत असलेली कितीतरी उत्तरं मी त्या बटणाला घाबरून सोडली.

तुझ्याबरोबरच्या पहिल्याच सरावात मी तसंच केलं. गप्प झाले, आणि लगेच म्हटलं, पुढचा वाच. तू वाचलं नाहीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "मावशी, तुम्ही घाई का करता? असं करू. तुम्ही गप्प झालात की मी पेन बाकावर आडवं ठेवणार. आवाज येईल तुम्हाला. म्हणजे समजायचं, मी निवांत बसलेय. तुम्ही बोलायला लागलात की उचलेन."

टोपणाचं साधं पेन होतं तुझं. ठेवलंस की लाकडावर एक बारीक ठक, आणि मग काहीच नाही. तुझ्या बांगडीचाही आवाज नाही. कसं सुचलं विचारलं तर म्हणालीस, "मला फळ्यापाशी उभं केलं की एक सर खडू आपटत राहतात. मग येत असलेलं पण जातं डोक्यातून."

मराठीचा पेपर आठवतोय? एरवी तीन तासांचा, आम्हाला तासामागे वीस मिनिटं जादा, म्हणजे चार तास. चार तास तू माझं बोलणं उतरवत होतीस, ज्याचा तुला एक गुण मिळणार नव्हता. प्रत्येक वाक्याला विचारत होतीस, स्वल्पविराम की पूर्णविराम. निबंधाशी मी अडले. सुरुवातच सापडेना. तू पेन ठेवलंस. ठक. मी बसले. बराच वेळ गेला असणार, कारण पर्यवेक्षकांचे बूट जवळ आले आणि त्यांनी तुला विचारलं, "काय गं, लिहीत का नाहीस? काही अडचण?"

तू म्हणालीस, "नाही सर, त्या विचार करतायत."

बूट लांब गेले. तू पुन्हा काही बोलली नाहीस.

पोरी, माझ्याबद्दल लोक पुष्कळ काही बोलतात. बिचारी आहेत, जिद्दी आहेत, देवाने एक नेलं तर दुसरं देतो, वगैरे. मी गप्प बसले की त्यांना वाटतं मी थकले, किंवा मला वाईट वाटलं, किंवा ऐकूच आलं नाही. नवऱ्याबरोबर बँकेत गेले तर साहेब त्यांना विचारतो, "यांची सही कुठे घ्यायची?" मी समोर बसलेली असताना. आणि तू चौदा वर्षांची, एका परक्या माणसाला, तेही पेपरच्या ऐन धांदलीत, माझ्या गप्प बसण्याचा खरा अर्थ सांगितलास. निबंध त्यानंतर सुरू झाला तो संपेचना. शेवटच्या पानाला तुझी बोटं दुखत होती, हे तू हात झटकलास त्या आवाजावरून कळलं मला. म्हटलं थांबू का, तर म्हणालीस, "बोला तुम्ही, आता छान चाललंय."

रस्त्यात कितीदा होतं, मी कोपऱ्यावर कुणाची तरी वाट बघत उभी असते आणि कुणीतरी भला माणूस दंडाला धरून मला पलीकडे नेऊन सोडतो. पुण्य त्याला लागतं, परत मला यावं लागतं. त्याचं मन वाईट नसतं. फक्त "कुठे जायचंय?" एवढं विचारायचं राहून जातं. आमच्या भागातल्या मोठ्या माणसांनी इतक्या वर्षांत जेवढं विचारलं नाही, तेवढं तुम्ही पोरांनी एका हिवाळ्यात विचारलंत. प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला फोटो हवा होता, तोही विचारून काढलात. काढल्यावर तू मला सांगितलंस की फोटोत काय आलंय: चेहरा नाही, हात आणि वाती. शाल-नारळवाल्यांच्या फोटोत मी कशी दिसते, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

वहीला तुमच्या बाईंनी श्रेणी काय दिली? तेवढं कळव.

तुझ्या आईलाही माझा नमस्कार सांग. पेपरच्या दिवसांत तुझा डबा तर द्यायच्याच, वर माझ्यासाठी वेगळी पोळी-भाजी द्यायच्या. कमी तिखट, कारण परीक्षेत ठसका लागायला नको. केवढा विचार तो.

बारावीचं म्हणशील, तर १७ नंबरने बसायला दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात, आणि तेव्हा लेखनिक अकरावीतला लागेल. हा हिशोब मी केलेला नाही. निकालाच्या दिवशी फोन ठेवता ठेवता तूच सांगितलास, "मावशी, तेव्हा मी बरोब्बर अकरावीत असेन." असशील. पण आत्ता तुझी दहावी आहे, ती कर. जमलं तर ये, नाही जमलं तर तुझ्यासारखं कुणी शोधून दे, आणि त्याला पेनाचं सांगून ठेव.

कला शाखेला भूगोल घ्यावा की नाही, ते माझं अजून ठरत नाही. ब्राझीलवाला म्हणतो, घ्याच. त्याला म्हणावं, घेतला तर भारताचा पुठ्ठा मी करणार, त्याने फक्त डिंक आणून द्यावा. रवा माझ्याकडे आहे.

तुझी,
वातीवाली मावशी